शह, मात आणि डूलाली : इंग्रजी वाक्प्रचारांत दडलेला आपला इतिहास

इंग्रजी व्याकरणाच्या कुठल्याही शालेय पुस्तकात वाक्प्रचारांची एक यादी असते. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. 'बाइट द बुलेट' म्हणजे संकट निमूटपणे सोसणे, 'हॉब्सन्स चॉइस' म्हणजे निवडीला वावच नसणे, 'ओपन सेसमी' म्हणजे यशाची हमखास गुरुकिल्ली. मुलं ही यादी पाठ करतात, परीक्षेत दोन मार्क मिळवतात आणि विसरून जातात. मराठी माध्यम असो, उर्दू माध्यम असो की सेमी-इंग्लिश, पद्धत सगळीकडे सारखीच.

या यादीत इतिहासाचा रकाना कधीच नसतो. हा वाक्प्रचार कुणी, कुठे, कुणाबद्दल आणि कोणत्या प्रसंगी वापरला, हे मुलांना कुणी सांगत नाही. त्यामुळे इंग्रजी ही आकाशातून पडलेली, परक्यांची आणि म्हणून आपल्यापेक्षा वरचढ भाषा आहे, असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यात अरबी, फारसी, उर्दू आणि हिंदुस्थानी बोलींचा मोठा ऐवज आहे. त्यातला काही त्यांनी प्रेमाने घेतला, काही चुकीचा ऐकला, आणि काही आपल्याला हिणवण्यासाठी घडवला. हे तिन्ही प्रकार समजून घेतले पाहिजेत. विशेषतः मराठी मुसलमानांनी, कारण यातल्या बऱ्याच शब्दांशी आपला दुहेरी संबंध आहे.

मोहरमची हाक आणि कोशाचं नाव

१८८६ साली लंडनमध्ये एक जाडजूड कोश प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलण्यात रुजलेल्या शब्दांचा हा कोश. कर्नल हेन्री यूल आणि मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी ए. सी. बर्नेल हे त्याचे कर्ते. बर्नेल यांचं १८८२ सालीच निधन झालं होतं, यूल यांनी काम तडीस नेलं. कोशाला त्यांनी नाव दिलं 'हॉब्सन-जॉब्सन'.

हे नाव ऐकून एखाद्या इंग्रजी दुकानाची पाटी डोळ्यांसमोर येते. पण त्याचा उगम आहे मोहरमच्या मिरवणुकीत. ताबूत निघताना छाती पिटत लोक 'या हसन, या हुसैन' अशी हाक देत. छावणीतले गोरे शिपाई ती ऐकत. त्यांच्या कानाला आणि जिभेला ती झेपेना. मग त्याचं 'होसीन गोसीन' झालं, 'हॉसी गॉसी' झालं आणि शेवटी 'हॉब्सन-जॉब्सन'. हॉब्सन आणि जॉब्सन ही इंग्लंडमधली अगदी सामान्य आडनावं. करबलाच्या मैदानात इ.स. ६८० मध्ये शहीद झालेले इमाम हुसैन आणि त्यांचे थोरले बंधू इमाम हसन यांच्या नावाने होणारा शोक इंग्रजांच्या तोंडी असा गमतीचा जोडशब्द होऊन बसला.

यूल आणि बर्नेल यांना हे ठाऊक होतं, कोशातल्या नोंदीत त्यांनी ते लिहूनही ठेवलं आहे. परका शब्द आपल्या उच्चारांच्या साच्यात बसवून घेण्याच्या प्रक्रियेला भाषाशास्त्रात पुढे 'हॉब्सन-जॉब्सनचा नियम' असं नाव मिळालं. एका अर्थी तो सर्वच भाषांना लागू आहे. आपणही 'लॉर्ड'चं लाट केलं आणि 'हॉस्पिटल'चं इस्पितळ. फरक सत्तेचा आहे. आपल्या चुकांना अशिक्षितपणा म्हटलं गेलं, त्यांच्या चुकांचा कोश झाला.

इथे एक गल्लत टाळायला हवी. 'हॉब्सन्स चॉइस' या वाक्प्रचारातला हॉब्सन वेगळा. तो थॉमस हॉब्सन. केंब्रिज आणि लंडन यांच्या दरम्यान टपाल व सामानाची ने-आण करणारा हा माणूस घोडे भाड्याने देत असे. चांगल्या घोड्यांवर जास्त ताण पडू नये म्हणून त्याने पाळीपाळीने घोडे देण्याचा नियम केला होता. गिऱ्हाइकाने दाराजवळचा घोडा घ्यायचा, नाहीतर चालत जायचं. १६३१ साली तो वारला, तेव्हा कवी मिल्टनने त्याच्यावर दोन विनोदी कविता लिहिल्या. एका गाडीवानाचा व्यवहारी नियम चारशे वर्षं भाषेत टिकून राहिला. वाक्प्रचार राजवाड्यात क्वचितच जन्मतात. ते तबेल्यात, बाजारात आणि छावणीत जन्मतात.

देवळालीचा ताप

अशा छावण्यांपैकी एक आपल्या नाशिकजवळची, देवळालीची. ब्रिटनमध्ये आजही एखाद्याचं डोकं फिरलं, तो भ्रमिष्टासारखा वागू लागला, की 'ही हॅज गॉन डूलाली' म्हणतात. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे गाव कुठे आहे याची कल्पना नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला ब्रिटिश सैनिकांचा मुक्कामी तळ होता. इंग्लंडहून आलेले शिपाई इथे थांबून पुढे आपापल्या पलटणींकडे जात आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई इथे येऊन मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट पाहत. सैनिकांची ने-आण करणारी जहाजं थंडीच्या मोसमातच सुटत. मोसम संपल्यावर जो पोचला त्याला पुढच्या मोसमापर्यंत महिनोन्‌महिने तिथेच पडून राहावं लागे. काम नाही, कवायत नाही, ऊन मात्र मरणाचं. दारू, जुगार, मलेरिया, गुप्तरोग. भांडणं करून काही जण तुरुंगात जात, काहींचं मानसिक संतुलन बिघडे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात नोकरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या तळावरच्या दिवसांविषयी लिहिलं आहे.

मूळ वाक्प्रचार होता 'डूलाली टॅप'. हा 'टॅप' म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. संस्कृतात ताप, फारसीत तप किंवा तब, आणि दोन्हींचा अर्थ उष्णता, ज्वर. शिपायांनी तो नेमका कोणत्या वाटेने उचलला याचा काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. छावणीतला भिश्ती, खानसामा, मोतद्दार जी बोली बोलत होते तिच्यात दोन्ही वाटा एकत्र आल्याच होत्या. पुढे 'टॅप' गळला आणि 'डूलाली' तेवढं उरलं. १९७० च्या दशकात बीबीसीने दूरचित्रवाणीवर देवळालीच्या तळावर घडणारी विनोदी मालिकाही दाखवली. आज देवळालीत भारतीय तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे.

या एका शब्दात साम्राज्याची दुसरी बाजू दिसते. इतिहासाच्या पुस्तकात गोरा शिपाई नेहमी बंदूक रोखून उभा असतो. देवळालीचा शिपाई मात्र घरापासून हजारो मैल दूर, सरकारने विसरलेला गरीब पोरगा होता. त्याच्या वेडाची नोंद सरकारी अहवालांपेक्षा त्याच्या मित्रांच्या बोलीने अधिक टिकवली.

अशाच शिपायांनी 'विलायत' हा शब्दही नेला. अरबीत विलायत म्हणजे सुभा, प्रांत. हिंदुस्थानात विलायती म्हणजे परदेशी, आणि पुढे खास इंग्लंडचा. आपण मराठीत विलायती चिंच म्हणतो ती याच अर्थाने. या विलायतीचं शिपायांनी 'ब्लायटी' केलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत 'ब्लायटी' म्हणजे मायदेश. जीव न घेणारी पण घरी पाठवणी होण्याइतकी मोठी जखम झाली, तर तिला 'ब्लायटी वन' म्हणत आणि असा जखमी नशीबवान मानला जाई. आरामाच्या नोकरीला इंग्रजीत 'कुशी जॉब' म्हणतात. त्यातला 'कुशी' हा आपला खुश किंवा खुशी. 'द बिग चीज' म्हणजे बडी असामी. यातल्या 'चीज'चा दुधाशी काही संबंध नसून तो वस्तू या अर्थाच्या फारसी 'चीज'वरून आला असावा, असं यूल-बर्नेलपासून अनेक कोशकारांनी म्हटलं आहे. मराठीत कष्टाचं चीज होतं, तेही याच शब्दामुळे.

एका पटावरचे शब्द

आता छावणीतून पटावर येऊ. बुद्धिबळात राजा कोंडला गेला की इंग्रज 'चेकमेट' म्हणतो. हे मूळ 'शाह मात'. भारतातला चतुरंग इराणात जाऊन चतरंग झाला, अरबांनी त्याला शतरंज म्हटलं. अब्बासी काळात बगदादमध्ये या खेळावर ग्रंथ लिहिले गेले. अल-अदली, अस-सूली हे त्या काळातले नामांकित खेळाडू आणि लेखक. मुस्लिम स्पेन आणि सिसिलीच्या वाटेने खेळ युरोपात शिरला. १२८३ साली स्पेनमधला ख्रिस्ती राजा दहावा अल्फान्सो याने खेळांवरचा सचित्र ग्रंथ तयार करवून घेतला. त्यातल्या चित्रांत मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी खेळाडू पटाशी बसलेले दिसतात.

'शाह मात'चा अर्थ 'राजा मेला' असा सांगण्याची पद्धत आहे, कारण अरबीत 'मात' म्हणजे मेला. पण बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. म्हणून फारसीतला 'मात', म्हणजे निरुपाय झालेला, हतबल, हा अर्थ अनेक अभ्यासकांना जास्त पटतो.

त्या 'शाह'ने इंग्रजीत केवढा संसार थाटला पाहा. शाहचं जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झालं, त्यातून इंग्रजी 'चेक' आला. राजाला शह दिला की तो अडतो, म्हणून 'चेक' म्हणजे अडवणे. 'कीप इन चेक' म्हणजे आटोक्यात ठेवणे. पटावरचे चौकोन म्हणून कापडावरचे 'चेक्स'. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब चौकड्यांच्या कापडाने झाकलेल्या टेबलावर सोंगट्या सरकवून होई, म्हणून तिथल्या खजिन्याला 'एक्स्चेकर' नाव पडलं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात ते आजही आहे. बँकेचा चेक याच घरातला. म्हणजे कुणाला 'ब्लँक चेक' देणारा इंग्रज नकळत इराणच्या शाहचं नाव घेत असतो.

आणि मराठी? आपण शह देतो, काटशह देतो, संकटावर मात करतो, बाजी लावतो, मनसुबे रचतो. यातला 'मनसुबा' तर थेट पटावरून उठून आलेला आहे. अरबी शतरंजाच्या ग्रंथांत मुद्दाम रचलेल्या कूटडावाला 'मन्सूबा' म्हणत. मराठेशाहीच्या राजकारणात हा शब्द मसलत, बेत या अर्थाने पक्का रुजला. पोटच्या पोरीने दहावीत पहिला नंबर काढला की 'परिस्थितीवर मात करून' अशी बातमी येते. तिच्यातला 'मात' कुणाला परका वाटत नाही, आणि वाटूही नये. लंडन आणि लातूर या दोन्ही ठिकाणी एकाच पटावरचे शब्द बोलले जातात. ते परत पाठवायचे म्हटलं, तर इंग्रजांना चेकशिवाय आणि आपल्याला मात केल्याशिवाय राहावं लागेल.

जो डोंगर हललाच नाही

इथपर्यंतचा प्रवास गमतीचा होता. आता जरा अवघड ठिकाणी येऊ.

'डोंगर मुहंमदाकडे येत नसेल तर मुहंमदाने डोंगराकडे जावं' ही म्हण इंग्रजीत सर्रास वापरली जाते. तिचं भाषांतर मराठी भाषणांत आणि अग्रलेखांतही अधूनमधून दिसतं. आज तिचा अर्थ साधा आहे. समोरचा येत नसेल तर आपण मान-अपमान न धरता त्याच्याकडे जावं. ऐकणाऱ्याला वाटतं, ही प्रेषितांच्या आयुष्यातली घटना असणार.

तशी घटना नाही. कुरआनात ती नाही, हदीसच्या सहा मान्य संग्रहांत नाही, इब्न हिशामच्या सीरतमध्येही नाही. इंग्रजीत ही कथा प्रसिद्ध केली फ्रान्सिस बेकनने. १६२५ साली निघालेल्या त्याच्या निबंधसंग्रहाच्या आवृत्तीत 'धीटपणा' या विषयावर एक निबंध आहे. धीट माणूस तोंडावर आपटला तरी लाजत नाही, हे सांगण्यासाठी त्याने ही कथा दिली. प्रेषितांनी टेकडीला हाक मारली, टेकडी आली नाही, तेव्हा जराही न ओशाळता ते स्वतःच टेकडीकडे निघाले, असा तिचा आशय. म्हणजे मुळात हा उपहास होता. त्या काळच्या युरोपात उस्मानी तुर्कांची धास्ती होती, आणि प्रेषितांना लबाड चमत्कारी पुरुष म्हणून रंगवणाऱ्या कथा मध्ययुगापासून चालत आल्या होत्या. बेकनची कथा त्याच पठडीतली.

खरी नोंद काय सांगते? मक्केतले विरोधक प्रेषितांकडे (स.) चमत्कार मागत. जमिनीतून झरा काढ, आकाशाचे तुकडे पाड, शिडी लावून वर जा. सूरह बनी इस्राईलमध्ये या मागण्यांची यादीच आहे आणि तिला दिलेलं उत्तरही आहे. मी केवळ एक माणूस आहे, संदेश पोचवणारा, असा त्या उत्तराचा भाव. डोंगर हलवण्याचा उल्लेख सूरह रअदमध्ये येतो आणि भाष्यकारांनी त्याचा संबंध मक्केवाल्यांच्या मागणीशी जोडला आहे. म्हणजे डोंगर हलवून दाखव असं म्हणणारे विरोधक होते, आणि त्याला नकार देणारे प्रेषित. बेकनच्या कथेत हे नेमकं उलटं झालं.

गंमत अशी की प्रेषित खरोखरच डोंगराकडे जात असत. मक्केबाहेरच्या जबल-ए-नूरवरच्या हिरा गुहेत ते एकांतात बसत आणि तिथेच त्यांना पहिला संदेश मिळाला. मदिनेजवळच्या उहुद डोंगराविषयी त्यांनी जिव्हाळ्याने बोलल्याची हदीस प्रसिद्ध आहे. तो डोंगर आपल्यावर प्रेम करतो आणि आपण त्याच्यावर, असं त्यांचं म्हणणं. ही माणसाची आणि डोंगराची गोष्ट म्हण होण्याच्या योग्यतेची होती. पण म्हणी योग्यता पाहून घडत नाहीत.

मग ही म्हण वापरणाऱ्यावर चिडायचं का? माझं मत नाही असं आहे. चारशे वर्षांत तिच्यातला उपहास झिजून गेला आणि नम्रता उरली. वापरणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो. मात्र तिचा दाखला इतिहास म्हणून कुणी देत असेल, तर शांतपणे सांगायला हवं की ही बेकनची गोष्ट आहे, सीरतची नाही.

ज्यांचं राज्य त्यांची म्हण

सगळ्याच वाक्प्रचारांतला डंख असा झिजत नाही. कोंदट, गर्दीच्या खोलीला इंग्रज 'ब्लॅक होल ऑफ कॅलकटा' म्हणतात. २० जून १७५६ रोजी नवाब सिराजुद्दौलाच्या फौजेने कलकत्त्याचा फोर्ट विल्यम जिंकला. त्या रात्री इंग्रज कैद्यांना किल्ल्यातल्याच सुमारे अठरा फूट बाय चौदा फुटांच्या कोठडीत कोंडलं आणि गुदमरून अनेक जण मेले. वाचलेल्यांपैकी जॉन होलवेल याने १४६ पैकी १२३ जण मेल्याचं लिहिलं. पुढे या आकड्यावर इतिहासकारांनी शंका घेतल्या. ब्रिजेन गुप्ता यांनी १९५९ साली केलेल्या अंदाजानुसार कोठडीत ६४ जण होते आणि २१ वाचले. त्रेचाळीस मृत्यू ही काही छोटी गोष्ट नाही, ती झाकायचं कारण नाही. पण होलवेलचा फुगवलेला आकडा शाळेच्या पुस्तकात आणि बोलीत गेला, आणि पुढच्याच वर्षीच्या प्लासीला नैतिक आधार मिळाला. बंगालची लूट इंग्रजीत म्हण झाली नाही. कोठडी मात्र झाली.

या आठवणीचा स्तंभ कलकत्त्यात भर रस्त्यात उभा होता. १९४० साली तो हटवण्यासाठी सुभाषचंद्र बोस यांनी आंदोलन पुकारलं. त्यात हिंदू आणि मुस्लिम विद्यार्थी बरोबरीने उतरले. बोस यांना अटक झाली, पण स्तंभ तिथून हलला आणि एका चर्चच्या आवारात गेला. दगडाचा स्तंभ असा हलवता येतो, बोलीतला हलवता येत नाही. त्याच्यापुढे खरी माहिती ठेवणं एवढंच हातात असतं.

हा अनुभव फक्त मुसलमानांचा आहे असंही नाही. वाटेत येईल ते चिरडणाऱ्या आंधळ्या शक्तीला इंग्रजीत 'जगरनॉट' म्हणतात. हा आपला पुरीचा जगन्नाथ. १८०६ साली पुरीला गेलेल्या क्लॉडियस ब्यूकॅनन या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने रथाखाली प्राण देणाऱ्या भक्तांची भयंकर वर्णनं इंग्लंडमध्ये पोचवली, आणि लाखोंच्या श्रद्धेच्या देवाचं नाव विनाशाचं रूपक झालं. शेजारच्या ख्रिस्ती देशांनाही इंग्रजांनी सोडलं नाही. दारू पिऊन आलेल्या उसन्या अवसानाला ते 'डच करेज' म्हणतात. सतराव्या शतकात इंग्रज आणि डच यांच्यात तीन युद्धं झाली, त्या वैराचा वास अशा वाक्प्रचारांना आहे. न सांगता सटकण्याला इंग्रज 'फ्रेंच लीव्ह' म्हणतात आणि फ्रेंच त्यालाच 'इंग्रजी पद्धतीने निघणं' म्हणतात. शेजाऱ्याला नावं ठेवणं हा सगळ्याच भाषांचा उद्योग आहे. पण फ्रेंचांना उलट टोला देता आला. वसाहतीतल्या लोकांचा टोला इंग्रजीत शिरला नाही.

काही वेळा असा शब्द फिरून वेगळ्याच रूपात परत येतो. १९०८ च्या क्रांतीने गाजलेले 'यंग टर्क्स' इंग्रजीत प्रस्थापितांना धक्का देणाऱ्या तरुणांचं नाव झाले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस काँग्रेसमधल्या चंद्रशेखर, मोहन धारिया, कृष्णकांत यांना तेच नाव चिकटलं. मराठीत 'तरुण तुर्क' इतका रुळला की मधुकर तोरडमलांनी 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' असं नाटकच लिहिलं. इंग्रजी पत्रकार लॉर्ड्सला क्रिकेटची 'मक्का' म्हणतात. मराठी पत्रकार तिथे 'क्रिकेटची पंढरी' लिहितो. मला हे भाषांतर फार आवडतं. परक्या भाषेतलं तीर्थक्षेत्र आपल्या वारीच्या वाटेवर आणून ठेवणारा तो उपसंपादक शब्दशः भाषांतराच्या भानगडीत पडला नाही. श्रद्धेला श्रद्धा, एवढंच त्याने पाहिलं.

दरवाजा कुणी उघडला?

'ओपन सेसमी' राहिलंच. आपल्याकडे याचं 'तिळा तिळा दार उघड' झालं आणि प्रत्येक मराठी मुलाला ते माहीत आहे. ही अलिबाबाची गोष्ट 'अरेबियन नाइट्स'मधली समजली जाते. पण अरबी हस्तलिखितांच्या जुन्या परंपरेत ती सापडत नाही. अलेप्पो शहरातल्या हन्ना दियाब या मारोनी ख्रिस्ती तरुणाने १७०९ साली पॅरिसमध्ये फ्रेंच भाषांतरकार आंत्वान गालाँ याला ज्या गोष्टी तोंडी सांगितल्या, त्यांत अलिबाबा आणि अल्लाउद्दीन दोन्ही होते. गालाँने त्या आपल्या ग्रंथात घातल्या. सांगणाऱ्याचं नाव मात्र पुस्तकात आलं नाही. ते गालाँच्या रोजनिशीत राहिलं, आणि दियाबच्या स्वतःच्या अरबी प्रवासवर्णनाकडे अभ्यासकांचं लक्ष जायला जवळजवळ तीन शतकं गेली.

एका सीरियन ख्रिस्ती माणसाने अरबीत सांगितलेली, फ्रेंचमध्ये लिहिली गेलेली गोष्ट इंग्रजीत वाक्प्रचार होते आणि मराठीत तिळाचं दार उघडते. ही कुणाची गोष्ट? तिला एकच एक मालक शोधायला निघालेला माणूस अलिबाबाच्या भावासारखा गुहेतच अडकेल.

आता आपल्याकडे

इंग्रजांना बोल लावून थांबलं, तर हा सगळा खटाटोप अर्धा राहील. मराठीतही असे शब्द आहेत. बेबंद कारभार दिसला की आपण म्हणतो, 'इथे काय मोगलाई लागून गेली आहे?' इंग्रजीत 'मोगल' म्हणजे एखाद्या धंद्यातला बडा सम्राट, 'मूव्ही मोगल', 'मीडिया मोगल'. लांबून पाहणाऱ्या इंग्रजाला वैभव दिसलं. ज्या मराठी कुणब्याच्या शेतातून फौजा गेल्या, त्याला अंदाधुंदी दिसली. दोघांच्याही अनुभवात तथ्य आहे. पण मराठी मुलखात 'मोगलाई' हे निजामाच्या राज्याचं साधं भौगोलिक नावही होतं. मराठवाड्यातला माणूस मोगलाईतला म्हणवला जाई, त्यात शिवी नव्हती.

तसंच 'तुघलकी'. सरकारचा कुठलाही आचरट निर्णय तुघलकी ठरतो. मुहंमद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादला राजधानी हलवण्याचा घाट घातला. लोकांचे हाल झाले, पुढे बेत फसला. त्याच्या या फसलेल्या बेतासोबत दिल्लीहून सूफी, कारागीर, लेखणीबहाद्दर आणि शिपाई दख्खनला आले. बुऱ्हानुद्दीन गरीब आणि त्यांच्या परंपरेने खुलदाबादला सूफींचं मोठं केंद्र उभं राहिलं. १३४७ साली बहमनी राज्याचा पहिला सुलतान दौलताबादेतच गादीवर बसला. उत्तरेकडून आलेल्या बोलीची मराठी, कानडी, तेलुगूशी गाठ पडून दखनी घडली. आपल्यापैकी अनेकांच्या घरात आजी अजून जी बोली बोलते, तिच्या मुळाशी हा 'तुघलकी' कारभार आहे. 'तुघलकी' शब्द वापरू नका असं मी म्हणत नाही. त्या शब्दाच्या पोटात एवढा मोठा प्रदेश आहे, हे ठाऊक असावं.

आता शेवटची खोट्या व्युत्पत्तीची गोष्ट, कारण आपल्याकडे अशा व्युत्पत्ती समाजमाध्यमांवर रोज फिरतात. 'बाइट द बुलेट' हा वाक्प्रचार १८५७ च्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून आला असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. ऐकायला छान वाटतं, आपला इतिहासही त्यात येतो. पण शिपायांना दाताने तोडायचं होतं ते काडतुसाचं कागदी टोक, गोळी नव्हे. शिवाय १७९६ सालच्या फ्रान्सिस ग्रोसच्या बोलीकोशात, फटके खाताना ओरडू नये म्हणून गोळी दाताखाली धरणाऱ्या इंग्रज शिपायाचा उल्लेख आहे. तो १८५७ च्या साठ वर्षं आधीचा. जी व्युत्पत्ती आपल्याला सोयीची, तीही तपासूनच घ्यावी लागते. बेकनच्या खोट्या कथेवर बोट ठेवायचं आणि आपली खोटी कथा मिरवायची, हे चालणार नाही.

शिक्षक मित्रांना एक सुचवावंसं वाटतं. वाक्प्रचारांची यादी शिकवताना तिसरा रकाना मुलांकडूनच भरून घ्या. 'चेकमेट'समोर मुलं शह, मात, मनसुबा लिहितील. 'डूलाली'समोर नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर खूण करतील. 'हॉब्सन-जॉब्सन'समोर गावातल्या ताबुताची आठवण एखादा हिंदू मुलगाही सांगेल, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ताबूत सगळ्यांनी मिळून बसवले आहेत. 'मोगलाई'समोर काय लिहायचं यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. त्या दिवशी व्याकरणाचा तास थोडा लांबला तरी चालेल.